धागा: मोठे स्कॅन टाकले की स्क्रायबस अडकतं, स्मरणिकेची पानं कशी लावू?

पोथीकपाट | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. वाचनालयाला शंभर वर्षं होतायत म्हणून आम्ही स्मरणिका काढतोय. १७६ पानं, म्हणजे सोळा पानी अकरा फॉर्म. पैसे बेताचे, त्यामुळे पानं मीच लावते. त्यासाठी स्क्रायबस १.६ हे पानं लावायचं सॉफ्टवेअर वापरते आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे. मजकुराचा त्रास अजिबात नाही, जोडाक्षरं नीट दिसतात.

त्रास चित्रांचा आहे. आमच्याकडे जुन्या सभासदांनी दिलेली मोडी पत्रं, पहिल्या कार्यकारिणीची इतिवृत्तं आणि देणगीच्या पावत्या आहेत. कागद इतके जीर्ण झालेत की परत परत हाताळायचे नाहीत, म्हणून एकदाच काय ते नीट करू असं ठरवून १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केले. अशा ३१ टिफ चित्रफाइली आहेत. शिवाय समारंभांचे शंभरेक फोटो.

पहिले दोन फॉर्म सुरळीत गेले. तिसऱ्या फॉर्मात मोडी पत्रं सुरू झाली आणि सगळं अडायला लागलं. एक ओळ खाली सरकवायची तर चहा होऊन येतो. पान उलटलं की पडदा पांढरा होतो आणि खिडकीवर ‘प्रतिसाद देत नाही’ असं येतं. काल दोनदा बंद पडलं, एकदा तासाभराचं काम गेलं. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. नवा घेणं शक्य नाही. छपाईला २० सप्टेंबरपर्यंत द्यायचं आहे. काय करू?

दोनपानी | ४ ऑगस्ट, रात्री ११:५२

ताई, आधी तीन गोष्टी सांगा.
फोटो आणि स्कॅन कुठे ठेवलेत? लॅपटॉपवरच, की पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर?
चित्राच्या चौकटीवर राइट क्लिक करून प्रिव्ह्यू सेटिंग्ज बघा. फुल, नॉर्मल की लो, कशावर खूण आहे?
स्कॅन पानावर साधारण किती रुंद लावलेत?

पोथीकपाट | ५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, कारण लॅपटॉपवर जागा नाही. खूण ‘फुल रिझोल्यूशन’वर आहे. पत्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मीच केली होती. पानावर बहुतेक पत्रं चार इंच रुंद आहेत, शेजारी लिप्यंतर येतं.

जुळारी | ५ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ताई, तुमचं दुखणं नेमकं कुठे आहे ते आकड्यात मांडतो, म्हणजे पुढचे उपाय आपोआप सुचतील.

डिस्कवर फाइल किती एमबीची दिसते ते विसरा. तो आकडा घडी घातलेल्या चादरीचा असतो. सॉफ्टवेअरला चित्र दाखवायचं तर चादर पूर्ण उलगडावी लागते. उलगडलेला आकार काढायचा हिशेब सोपा आहे: उभे पिक्सेल गुणिले आडवे पिक्सेल गुणिले दर पिक्सेलचे बाइट. आरजीबीला (पडद्याचे तीन रंग) तीन बाइट, सीएमवायकेला (छपाईचे चार रंग) चार. स्कॅन १६ बिटांत केला असेल तर हे दुप्पट.

तुमचा कागद ए-४ धरू. १२०० डीपीआयला ९९२१ गुणिले १४०३१ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे १३ कोटी ९२ लाख. आरजीबीत एक पत्र उलगडलं की ४१८ एमबी. पडद्यावर दाखवताना काही सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट देतात, मग तेच पत्र ५५७ एमबी. अशी ३१ पत्रं धरलीत तर आरजीबीतच १३ जीबीच्या आसपास जातं. तुमच्याकडे रॅम ८, त्यातली काही विंडोजच खातं. मग संगणक रॅममधला माल डिस्कवर टाकतो आणि लागेल तसा परत आणतो. डिस्क फिरती असेल तर ही ने-आण फार हळू चालते. पडदा पांढरा पडतो तो यामुळे. स्क्रायबस बिघडलेलं नाही, ते डिस्कची वाट बघत बसलंय.

साधा जेपेग फोटोही फसवतो. ६००० गुणिले ४००० चा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ७-८ एमबीचा दिसेल, उलगडला की ७२ एमबी. असे शंभर आहेत म्हणता.

आता दुसरी बाजू. चार इंच रुंदीला छापताना किती पिक्सेल लागतात? ऑफसेटला १५० लाइनचा स्क्रीन, म्हणजे छटा छापायच्या ठिपक्यांच्या इंचाला १५० ओळी धरल्या तर त्याच्या दुप्पट, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) पुरे होतं. चार इंचाला १२०० पिक्सेल. तुम्ही देताय ९९२१. ए-४ ची ८.२७ इंच रुंदी चार इंचांत आवळली की प्रत्यक्ष रिझोल्यूशन २४०० च्या वर जातं. छपाईच्या प्लेटवर हे जास्तीचं काहीही पोचत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, ती मला इथे फार लागू वाटते. मी खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे. तेव्हा फोटोचा जस्ताचा ब्लॉक बाहेरून करून यायचा, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला. तो यायला दोन-तीन दिवस लागायचे. म्हणून काय आम्ही पान थांबवायचो? ब्लॉकचं माप चिठ्ठीवर यायचं, ‘रुंदी इतकी, उंची इतकी’. तेवढ्या मापाचं लाकूड पानात बसवून मजकूर भोवती जुळवायचा, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या. ब्लॉक आला की लाकूड काढून तो बसवायचा. पान लावणाऱ्याला चित्राचं माप लागतं. अख्खं चित्र लागतं ते छापणाऱ्याला. तुमच्या स्क्रायबसलाही पान लावताना लाकूडच द्या.

फॉर्मसोळा | ५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

काकांनी अगदी मुळाशी हात घातला. मी इनडिझाइनवर असते, तेही पानं लावायचंच सॉफ्टवेअर, तिथे हेच ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’ नावाने येतं. तीन पायऱ्या: फास्ट, टिपिकल आणि हाय क्वालिटी. फास्टमध्ये चित्राच्या जागी करडी चौकट दिसते, तीच काकांची लाकडाची फळी. टिपिकलमध्ये चित्र आणताना तयार झालेली छोटी प्रतिमा दिसते. हाय क्वालिटी मूळ फाइल वाचत बसतं. मी मजकूर लावताना फास्ट, चित्र कापताना टिपिकल ठेवते. हाय क्वालिटी एखाद्याच चित्रापुरतं लावते, तेही त्याच चित्रावर राइट क्लिक करून.

इनडिझाइनवाल्यांसाठी आणखी थोडं, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल. खाली डाव्या कोपऱ्यातलं लाइव्ह प्रीफ्लाइट (चुका सतत तपासणारी सोय) काम चालू असताना बंद ठेवा आणि शेवटी चालू करा. पेजेस पॅनेलमधल्या पानांच्या छोट्या प्रतिमा बंद करा. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चुकून चालू राहिलेला असतो, तो बघा. सावल्या आणि पारदर्शकपणा जपून वापरा, एका मोठ्या फोटोवर मऊ सावली टाकली की ते पान प्रत्येक वेळी नव्याने रंगवावं लागतं. आणि चित्रं एम्बेड करू नका. एम्बेड केलं की तो सगळा भार मूळ फाइलच्या पोटात जातो आणि प्रत्येक सेव्हला तो उचलावा लागतो.

जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्येही ही सोय होती, ग्राफिक्स डिस्प्लेत ‘ग्रे आउट’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘हाय रिझोल्यूशन’. माझ्या वडिलांच्या डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपीत मजकूर आणि ग्रे आउटवर चित्रं, असेच अंकच्या अंक लागायचे.

जुळारी | ५ ऑगस्ट, सकाळी ११:०२

बरोबर. आणि पेजमेकर ज्या आल्डस कंपनीचं, तिनेच ओपीआय नावाची पद्धत आणली होती. पानात हलकी प्रतिमा लावायची, फिल्म काढायच्या वेळी सर्व्हर तिच्या जागी जड मूळ चित्र घालायचा. तेव्हा रॅम ३२ किंवा ६४ एमबी असायची, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. आज रॅम शेकडो पट झाली, पण स्कॅनर आणि कॅमेरेही तसेच वाढले.

पोथीकपाट | ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

काका, लाकडाची फळी डोक्यात पक्की बसली. आज सगळ्या चौकटी एकेक करून लो रिझोल्यूशनवर आणल्या. काम करताना जमीन-अस्मानाचा फरक पडला, ओळी लगेच सरकतात.

पण फाइल उघडायलाच सहा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलं. हलकं चित्र दाखवायचं तर मग इतका वेळ कशाला?

दोनपानी | ५ ऑगस्ट, रात्री ११:१०

कारण हलकं चित्र जड चित्रातूनच काढावं लागतं. स्क्रायबसची फाइल म्हणजे मुळात एक्सएमएल मजकूर. तिच्यात चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. उघडताना प्रत्येक पत्त्यावर जाऊन पूर्ण टिफ वाचायचा, तो बारीक करायचा, बारीक केलेला तेवढा जवळ ठेवायचा. ३१ वेळा ४१८ एमबी उलगडायचे, तेही बाहेरच्या डिस्कवरून. सहा मिनिटं लागणारच.

याला तीन उपाय, तिन्ही करा.

प्रेफरन्सेसमध्ये ‘इमेज कॅश’ आहे, ती चालू करा. एकदा काढलेली हलकी प्रतिमा ती डिस्कवर साठवते, पुढच्या वेळी मूळ टिफ उलगडावा लागत नाही. तिथेच कॅशला किती जागा द्यायची ते ठरवता येतं.

कलर मॅनेजमेंट चालू असेल तर पानं लागेपर्यंत बंद ठेवा. चालू असताना प्रत्येक चित्राचे रंग प्रोफाइलमधून काढले जातात. अंतिम पीडीएफच्या आधी पुन्हा चालू करायला मात्र विसरू नका.

आणि कामातली चित्रं लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर आणा. जागा नाही म्हणता, पण ३१ टिफ मूळ आकारात आणायचेच नाहीत. हलक्या प्रती आणायच्या. त्याबद्दल काका बोलतीलच.

नव्या चौकटींचं बघायचं तर प्रेफरन्सेसमध्ये इमेज फ्रेमच्या पर्यायांत प्रिव्ह्यू लो करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी राइट क्लिक नको.

कोकणशाई | ६ ऑगस्ट, दुपारी १:२०

एवढा विचार कशाला करायचा? सगळी चित्रं एकदम निवडायची, ३०० पीपीआय करायची, जेपेग करायची, विषय संपला. इरफानव्ह्यूच्या बॅचमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. मी आमच्या मंडळाचा अंक दरवर्षी असाच काढतो.

रेघ | ६ ऑगस्ट, दुपारी २:४५

कृपया सगळ्या चित्रांना एक माप लावू नका. मी हास्यचित्रं काढते, दिवाळी अंकांसाठी शाईने, पांढऱ्यावर काळी रेघ. गेल्या वर्षी एका अंकासाठी माझी नऊ चित्रं दिली होती. १२०० डीपीआयला, शुद्ध काळं-पांढरं. पानं लावणाऱ्याने सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून सगळी ३०० ला आणून जेपेग केली. अंक हातात आला तेव्हा प्रत्येक रेघेची कड दाताळ झाली होती. एका चित्रात म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या पोथीवर मी बारीक अक्षरं काढली होती, दोन रात्री बसून. तिथे करडा डाग छापून आला. मला रडू आलं.

फोटोत करड्या छटा असतात, त्या स्क्रीनच्या ठिपक्यांतून छापल्या जातात. म्हणून ३०० पुरतं. रेघेला छटाच नसते. ती प्लेटवर जशीच्या तशी जाते, कडा जितक्या बारीक दिल्या तितक्या छापून येतात. रेघेला १२०० लागतंच.

आणि त्याने काही जड होत नाही. एक बिटाचं चित्र, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एक तर काळा नाही तर पांढरा. चार इंच गुणिले चार इंचाचं चित्र १२०० ला दोन कोटी तीस लाख पिक्सेल होतं, पण एका बाइटात आठ पिक्सेल मावत असल्यामुळे एकूण तीन एमबीच्या आत. टिफमध्ये सीसीआयटीटी ग्रुप ४ ने दाबलं तर त्याहून कितीतरी कमी. मात्र जेपेग करायचं नाही. जेपेगला एक बिट समजतच नाही, ते करड्या छटा बनवतं आणि रेघेच्या कडेला धूळ उडाल्यासारखे ठिपके येतात.

कोकणशाई | ६ ऑगस्ट, दुपारी ३:३०

रेघताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या अंकात दोन जण शाईचीच चित्रं देतात आणि ती फिकट का येतात असं दरवर्षी विचारतात. यंदा त्यांची वेगळी ठेवतो. मनापासून आभार.

जुळारी | ६ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

रेघताईंनी लिहिलं ते प्रत्येक पान लावणाऱ्याने समोर चिकटवून ठेवावं.

आता पोथीकपाट ताईंच्या स्कॅनबद्दल. मोडी पत्रं मधली आहेत. शाईची रेघ आहे, पण कागदाचा पिवळेपणा, डाग, पाणी लागलेल्या खुणा याही दाखवायच्या आहेत, म्हणून एक बिट चालणार नाही. बोरूची रेघ काही ठिकाणी केसासारखी बारीक असते आणि मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं. मी अशांना ३०० ऐवजी ४०० देतो. चार इंचाला १६०० पिक्सेल रुंद, उंची सुमारे २२६३. उलगडलं की ११ एमबीच्या आत. ३१ पत्रांचे मिळून ३४० एमबीच्या आसपास. कुठे १३ जीबी आणि कुठे हे.

पण हे कधी करायचं यावर मतभेद आहेत. पानं लागायच्या आधी चित्रं कापून बारीक केली आणि नंतर संपादकांनी ‘हे पत्र पूर्ण पानावर घ्या’ म्हटलं, की हाताशी पिक्सेल उरत नाहीत. म्हणून मी दोन फोल्डर ठेवतो. एकाचं नाव ‘मूळ’, दुसऱ्याचं ‘पान’. दोन्हीत फाइलींची नावं अक्षरन् अक्षर सारखी, एक्स्टेन्शनसुद्धा सारखं. पानात सगळे पत्ते ‘पान’ फोल्डरचे. एखादं चित्र मोठं करायचं ठरलं तर ‘मूळ’मधून नव्याने, हव्या मापाचं काढून त्याच नावाने ‘पान’मध्ये टाकायचं. बारीक केलेल्यातून पुन्हा बारीक कधीच करायचं नाही, जेपेगात तर नाहीच, दर वेळी थोडं झडतं.

इथे एक खुबी आहे, ती चुकली की सगळी चित्रं चौकटीत उड्या मारतात. चित्राचे पिक्सेल कमी केले आणि फाइलवर लिहिलेला पीपीआय तोच राहिला, तर चित्राचं इंचातलं माप घटतं आणि चौकटीत ते लहान होऊन कोपऱ्यात बसतं. दोन्ही एकाच प्रमाणात बदला. १२०० पीपीआयचा ९९२१ पिक्सेल रुंद स्कॅन ८.२७ इंच रुंद असतो. तो १९३ पीपीआय आणि १६०० पिक्सेल केला तर अजूनही ८.२७ इंचच राहतो. चौकटीत तो तसाच, तितक्याच टक्क्यांनी बसतो आणि चार इंचात आवळल्यावर ४०० च्या आसपास येतो. फोटोशॉपमध्ये किंवा गिम्पमध्ये इंच कायम ठेवून फक्त रिझोल्यूशन बदलायचं आणि नव्याने पिक्सेल घडवायला सांगायचं.

दोनपानी | ६ ऑगस्ट, सायंकाळी ७:००

काकांच्या दोन फोल्डरांना जोडून एक कळकळीची सूचना. इमेजमॅजिकचं मॉग्रिफाय (चित्रं एकगठ्ठा बदलायची आज्ञा) झटपट आहे, पण वेगळ्या फोल्डरचा पत्ता दिला नाही तर ते मूळ फाइलीवरच लिहितं. विचारत नाही, मागे घेता येत नाही. मी एकदा आत्याच्या लग्नाचे २१२ स्कॅन असे ८०० पिक्सेलचे करून बसलो. निगेटिव्ह नव्हत्या, अल्बम तोवर परत दिला होता. पुन्हा त्यांच्या घरी जाऊन तीन दिवस स्कॅन केले. तेव्हापासून ‘मूळ’ फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, मग ‘फक्त वाचण्यासाठी’ करतो आणि त्यानंतरच कुठलीही आज्ञा देतो. ताई, तुमची पत्रं तर पुन्हा स्कॅनही करता यायची नाहीत.

पोथीकपाट | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

तीन दिवस खपून सगळं केलं. आधी ‘मूळ’ची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवली, कुलपात. मग ‘पान’ फोल्डर केलं. स्क्रायबसच्या एक्स्ट्राज मेन्यूत मॅनेज इमेजेस उघडलं की प्रत्येक चित्राचे पिक्सेल आणि पानावरचं प्रत्यक्ष रिझोल्यूशन दिसतं, हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. त्या यादीवरून एकेक चित्र तपासलं. समारंभाचे काही फोटो दीड इंच रुंद लावलेत आणि पीपीआय चार हजार!

आता फाइल चाळीस सेकंदांत उघडते.

मात्र पान ९ आता अडायला लागलंय. तिथे नंतर टाकलेलं एकच चित्र आहे, तालुक्याचा नकाशा. पुरवणारे म्हणाले, ‘हा तर व्हेक्टर आहे, याला पिक्सेलच नसतात, हलका असतो.’ फाइलही जेमतेम ६ एमबी. मग?

फॉर्मसोळा | १० ऑगस्ट, सकाळी ८:१०

आधी खात्री करून घ्या. व्ह्यू मेन्यूतून सगळी चित्रं दिसणं बंद करा आणि पान ९ वर जा. तरी अडत असेल तर दोष चित्राच्या चौकटीत नाही. नकाशा तुम्ही कसा आणलात, चौकटीत की इम्पोर्ट करून?

पोथीकपाट | १० ऑगस्ट, सकाळी ८:४५

एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) होता, इम्पोर्ट केला. चित्रं बंद केली तरी नकाशा दिसतोच आहे आणि अडतंय.

फॉर्मसोळा | १० ऑगस्ट, सकाळी ९:२०

मग सापडलं. इम्पोर्ट केलेला एसव्हीजी स्क्रायबसमध्ये चित्र म्हणून राहत नाही, त्याचे पानावरचे स्वतंत्र आकार होतात. प्रत्येक ओढा, प्रत्येक पायवाट, शिवारांची प्रत्येक हद्द म्हणजे वेगळी वक्ररेषा, आणि संगणकीय नकाशातल्या अशा एकेका रेषेवर हजारो बिंदू असतात. पान थोडं सरकवलं तरी ते सगळे बिंदू पुन्हा मोजून रेषा ओढायच्या. इथे पिक्सेलचा हिशेब लागू नाही, बिंदूंचा लागतो.

दोन मार्ग आहेत. इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून अनावश्यक थर काढा. चार इंचाच्या नकाशात प्रत्येक शेताची हद्द वाचणार कोण? मग राहिलेल्या रेषा ‘सिम्प्लिफाय’ करा, पण जपून, फार केलं तर नदीची वळणं सपाट होतात. ते झाल्यावर पीडीएफ करून चित्राच्या चौकटीत आणा. चौकटीतल्या पीडीएफची पडद्यापुरती एक प्रतिमा काढली जाते, रेषा दर वेळी ओढाव्या लागत नाहीत. अंतिम पीडीएफ करताना पीडीएफ आणि ईपीएस एम्बेड करायचा पर्याय निवडलात तर छपाईत रेषा रेषाच राहतात. मात्र नकाशातली गावांची नावं आधी आकारांत बदलून घ्या, नाहीतर फॉन्टचा नवा घोळ होईल.

कोरलवालेही नकाशांनी असेच हैराण होतात. तिथे वायरफ्रेम दृश्यावर काम करायचं.

पोथीकपाट | १३ ऑगस्ट, रात्री ९:४०

झालं! शेतांच्या हद्दींचा थर काढला तेव्हाच निम्म्याहून जास्त भार उतरला. नकाशा आता वाचताही येतो. आधी नुसतं जाळं दिसायचं, आमचं गाव शोधायला बोट फिरवावं लागायचं.

आणखी एक लक्षात आलं ते लिहिते. १७६ पानांची एकच फाइल ठेवायचा हट्ट मी सोडला. लेखांची लांबच लांब साखळी असली की शेवटच्या चौकटीत अक्षर घातलं तरी स्क्रायबस विचार करत बसतं. आता प्रत्येक फॉर्मची वेगळी फाइल केली, सोळा-सोळा पानांची. शैली सगळीकडे सारख्या राहाव्यात म्हणून एकाच मूळ फाइलच्या प्रती काढल्या. पानांचे आकडे प्रत्येक फाइलच्या सेक्शनमध्ये द्यावे लागले.

एक शंका उरली आहे. पीडीएफ काढताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी करायचा पर्याय तिथेही दिसतो. मग मी तीन दिवस बसले ते उगाच का?

जुळारी | १४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

उगाच नाही, ताई. तो पर्याय पीडीएफपुरता काम करतो. पानं लावताना सॉफ्टवेअर मूळ चित्रांशीच झुंजत असतं, तुमचा त्रास तिथेच होता. शिवाय तिथे एकच मर्यादा सगळ्या फोटोंना लागते. मोडीला ४०० आणि समारंभाच्या फोटोला ३०० हे तुम्ही डोळ्यांनी बघून ठरवलंत, तसं ते ठरवू शकत नाही.

आता तो पर्याय ४०० वर ठेवा, चुकून राहिलेला एखादा जड फोटो त्यात अडकेल. रेघेची चित्रं असलेल्या फॉर्मला मात्र तो बंदच ठेवा. आणि छापखान्यात देण्याआधी पीडीएफ ४०० टक्के मोठी करून एका मोडी पत्राची एक ओळ नीट बघा. बोरूच्या रेघेला कड धारदार दिसते का, शेजारी चौकोनी चौकोनी खडे दिसतात का. पडद्यावरच्या लो रिझोल्यूशनवर विसंबून पास करू नका, तिथे सगळंच पुसट दिसतं.

नवा_कॅमेरा | १६ ऑगस्ट, दुपारी १२:१०

मधेच विचारतो. आमच्या शाळेच्या अंकासाठी मुलांनी किल्ल्याचे फोटो काढलेत, १०८ मेगापिक्सेलच्या मोबाइलवर. तेही असेच जड होणार का? आणि निम्मे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत.

दोनपानी | १६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

पूर्ण १०८ मेगापिक्सेलवर काढले असतील तर हो. १२००० गुणिले ९००० पिक्सेल, उलगडल्यावर ३२४ एमबी एकेक फोटो. अख्ख्या ए-४ पानावर कडेपर्यंत लावलात तरी ३०० पीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पुरतात, म्हणजे २६ एमबी. दोन पानांवर पसरणारा एखादाच फोटो असेल तर त्याला दुप्पट द्या, बाकीचे ‘पान’ फोल्डरात बारीक करून घ्या. बारीक केल्यावर फोटो किंचित मऊ होतो, थोडं शार्पन करा.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो उलट बाजूचे, त्यांचे पिक्सेल आधीच गेलेले असतात. मुलांना सांगा, फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा केबलने थेट उतरवून घ्या. त्यांनी फोटो मोबाइलवरून काढून टाकायच्या आधी सांगा, आजच.

पोथीकपाट | १९ सप्टेंबर, सायंकाळी ५:२०

अकराही फॉर्म आज छापखान्यात गेले. पाचव्या फॉर्मचं रंगीत प्रूफ समोर आहे. १९२६ च्या पहिल्या देणगीपत्रात सहीच्या शेवटी बोरू कागदावर टेकल्याचा एक बारीक ठिपका आहे, तो छापून आलाय. काका, भिंगाने बघितला.